क्रूसोचें बेट

गेल्या दिवाळीच्या सुटींत आमच्या धाकट्या नातवाच्या हातीं ‘रॉबिन्सन क्रूसो’ या इंग्रजी कादंबरीचा मराठी संक्षेप पडला. दोन दिवस तो जेवणाच्या हांकेसही ओ देईना. तिसऱ्या दिवशीं पुस्तक मिटून त्यानें आम्हांस विचारलें, “आजोबा, हें खरें घडलें का?” या प्रश्नाचें उत्तर आम्हांस पाठ होतें, वर्गांत तें किती वेळां दिलें असेल त्याची गणती नाहीं. आम्हीं म्हटलें, “बाळ, सेल्कर्क नांवाचा एक खलाशी खरोखरच ओसाड बेटावर एकटा राहिला होता. डॅनियल डीफो त्याला भेटला आणि त्यानें ही गोष्ट लिहिली. क्रूसो म्हणजेच सेल्कर्क, आणि तेंच तें बेट.”

आमची थोरली सून महाविद्यालयांत इतिहास शिकविते. ती माजघरांतून हळूच म्हणाली, “मामंजी, सेल्कर्कचें बेट पॅसिफिक महासागरांत. क्रूसोचें तर ओरिनोको नदीच्या मुखाजवळ, अटलांटिकच्या बाजूस. डीफोनें पुस्तकाच्या पहिल्याच पानावर तसें छापलें आहे. आणि ते दोघे भेटले याला पुरावा कोठें आहे?”

आम्ही वरमलों. मूळांत नाहीं तें लिहावयाचें नाहीं, हा मल्लिनाथाचा दंडक आम्ही संस्कृताच्या तासाला मुलांस सांगत होतों आणि पुढच्याच तासाला तो स्वतः मोडीत होतों! प्रायश्चित्त म्हणून सुनेकडून मूळ इंग्रजी ग्रंथ मागवून घेतले आणि थंडीभर ते वाचले. त्यांत जें आढळलें तें वाचकांपुढें ठेवितों.

दक्षिण अमेरिकेच्या पश्चिमेस, चिली देशाच्या किनाऱ्यापासून सुमारें ६७० किलोमीटरवर ह्वान फर्नांडेझ नांवाचा लहानसा द्वीपपुंज आहे. त्या नांवाच्या स्पॅनिश नाविकानें तो १५७४ सालीं शोधला. त्यांतील किनाऱ्याकडील बेटावर गोडें पाणी, लाकूडफांटा आणि रानटी झालेल्या शेळ्या असल्यामुळें चांचे लोक तेथें वारंवार उतरत. १७०४ सालीं ‘सिंक पोर्ट्‌स’ या इंग्रज गलबतावरील अलेक्झांडर सेल्कर्क याचा कप्तान स्ट्रॅडलिंगशीं तंटा झाला. हें गळकें गलबत बुडणार, त्यांतून जाण्यापेक्षां येथें राहिलेलें बरें, असें सेल्कर्क म्हणाला. कप्तानानें शब्द झेलला. मागाहून सेल्कर्कचें मन फिरलें, पण कप्तान त्याला परत घेईना. (पुढें तें गलबत खरोखरच निकामी झालें व वांचलेले लोक स्पॅनिशांच्या कैदेंत पडले. तेव्हां भांडखोराचें निदान चुकलें नव्हतें.)

चार वर्षें आणि चार महिने तो तेथें एकटा होता. फेब्रुवारी १७०९ मध्यें कप्तान वुड्स रॉजर्स यानें त्याला उचललें आणि १७१२ सालच्या आपल्या प्रवासवृत्तांत त्याची हकीकत दिली. बंदुकीची दारू संपल्यावर सेल्कर्क धांवून शेळ्या पकडूं लागला. उंदीर पाय कुरतडीत म्हणून त्यानें मांजरें माणसाळविलीं. शेळ्यांचीं कातडीं नेसला. हें सर्व मुलांस आवडण्यासारखें आहे. परंतु आमचें मन दुसऱ्याच एका वाक्यापाशीं अडलें. वापर नसल्यामुळें त्याची स्वतःची भाषा इतकी झिजली होती कीं तो शब्द अर्धेअर्धेच उच्चारी, आणि ऐकणाऱ्यांस कसाबसा अर्थबोध होई. पहाटे चुलीपाशीं सुरू झालेलें बोलणें ज्या घरांत रात्रीं दिवा मालवेपर्यंत थांबत नाहीं, त्या घरच्या माणसानें हें दोनदां वाचावें. डीफोचा क्रूसो बेटावर अठ्ठावीस वर्षें काढतो आणि पोपटाला बोलावयास शिकवून आपलें इंग्रजी शाबूत ठेवितो! येथें कल्पना वस्तुस्थितीपुढें फिकी पडली, असें आमचें स्पष्ट मत आहे.

मात्र ‘वृत्तांत’ म्हणून छापलें तें सगळें खरें, असेंही समजूं नये. सेल्कर्कनें पांचशें शेळ्या मारल्या आणि तितक्याच पकडून, कानाला खूण करून सोडून दिल्या, असें रॉजर्स सांगतो. १७४१ सालीं अँसन याचा आरमारी ताफा त्या बेटावर आला. त्याच्या प्रवासग्रंथांत लिहिलें आहे कीं, त्याच्या लोकांनीं मारलेल्या पहिल्याच बोकडाचे कान चिरलेले होते. अर्थात् तो सेल्कर्कच्या हातांतून सुटलेला! १७०९ पासून १७४१ पर्यंत बत्तीस वर्षें होतात. आम्हीं आमच्या गांवच्या गुराख्याला विचारलें. पंधरा वर्षांची शेळी म्हणजे पणजीच कीं, असें म्हणून तो पोट धरून हंसला.

शेवटचा ग्रंथ विल्यम डॅम्पियर याचा, १६९७ सालचा. सेल्कर्कची सुटका झाली तेव्हां हा डॅम्पियर रॉजर्सचा वाटाड्या होता. पण याच बेटावरून एका एकाकी माणसाची सुटका झालेली त्यानें पंचवीस वर्षांपूर्वींही पाहिली होती. तो माणूस मध्य अमेरिकेच्या किनाऱ्यावरील मिस्किटो जातीचा. इंग्रज त्याला विल म्हणत. १६८१ सालीं तो रानांत शेळ्या मारावयास गेला असतां स्पॅनिश गलबतें दिसल्यामुळें त्याचे साथी घाईनें निघून गेले. त्याच्यापाशीं बंदूक, चाकू आणि थोडी दारूगोळी, एवढेंच. ती संपल्यावर त्यानें चाकूला दांते पाडून त्याची करवत केली, बंदुकीची नळी कापली, आणि ते तुकडे विस्तवांत लाल करून त्यांचे भाले, गळ व सुरी घडविली. क्रूसोला फुटक्या गलबतांतून पिंपेंच्या पिंपें सामान मिळालें होतें, हें येथें आठवावें.

१६८४ सालीं डॅम्पियरचें गलबत आलें. विलनें तें आदल्या दिवशींच ओळखलें आणि पाहुण्यांसाठीं तीन शेळ्या मारून रांधून ठेविल्या. होडी किनाऱ्यास लागतांच रॉबिन नांवाचा दुसरा मिस्किटो खलाशी प्रथम उडी टाकून धांवला आणि विलच्या पायांशीं पालथा पडला. विलनें त्याला उठवून पोटाशीं धरलें. मग तो स्वतः रॉबिनच्या पायांशीं तसाच पडला, आणि रॉबिननें त्याला उठविलें. होडींतले गोरे लोक स्तब्ध उभे राहून पाहत होते. आम्हांस नंदिग्रामच्या भरतभेटीची आठवण झाली.

आतां डीफोची १७१९ ची कादंबरी उघडावी. फ्रायडे भेटतो, तो जमिनीवर डोकें टेकतो आणि क्रूसोचा पाय उचलून आपल्या मस्तकावर ठेवितो. क्रूसो त्याला उठवितो खरा, पण त्याच्या पायांशीं स्वतः पडत नाहीं; लवकरच तो त्याला ‘धनी’ हा शब्द शिकवितो. दोन बाजूंनीं झालेला नमस्कार कादंबरींत एकाच बाजूचा उरला. डीफोचें कौशल्य आम्ही आजही मानितों. पण हें ठिकाण मुलांस दाखविल्यावांचून तें पुस्तक त्यांच्या हातीं देऊं नये असें आम्हांस वाटतें.

१९६६ सालीं चिली सरकारनें सेल्कर्कच्या बेटास रॉबिन्सन क्रूसोचें नांव दिलें. म्हणजे जो जन्मलाच नाहीं त्याचें. सेल्कर्कचें नांव दिलें तें दीडशें किलोमीटरहून दूर असलेल्या दुसऱ्याच बेटाला. विलचें नांव या नामकरणांत आलें नाहीं.

हें सारें आम्हीं नातवाला सांगितलें, आणि आपलें पहिलें उत्तर चुकलें होतें हेंही सांगितलें. त्यानें थोडा विचार करून विचारलें, “मग विल रॉबिनशीं काय बोलला? तोही बोलायला विसरला होता का?” डॅम्पियरनें तें लिहिलेलें नाहीं. नातवानें पुस्तकाच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीनें दोन नांवें लिहिलीं, आणि खालीं कान चिरलेल्या, लांब दाढीच्या एका म्हाताऱ्या बोकडाचें चित्र काढलें.