यंत्रांच्या संभाषणाचा करार

वाटाघाटींना बसलेल्या कोणालाही हे ठाऊक आहे की, करारात काय द्यावयाचे याइतकेच कोणी, केव्हा आणि कोणानंतर बोलावयाचे हेही महत्त्वाचे असते. आम्ही मागणीपत्राच्या उत्तराची वाट पाहत बसावे, मालकाने आमच्या खुलाशाची वाट पाहत बसावे. दोघेही प्रामाणिक, आणि काम मात्र ठप्प! संगणकांच्या जगातही हाच प्रश्न उभा राहिला. तेथील विद्वानांनी त्याला शोधलेले उत्तर आम्हा कामगार चळवळीतल्या माणसांना फार जवळचे वाटते.

आज संगणकाची आज्ञावली क्वचितच एकटी काम करते. एटीएम आणि बँकेचा संगणक एकाच वेळी चालतात व परस्परांना निरोप धाडतात. आता, संगणकाच्या अनेक भाषांत 'प्रकारां'ची एक जुनी शिस्त आहे. आकडा हवा तेथे नाव घातले, तर काम सुरू होण्यापूर्वीच तपासणीत ती चूक पकडली जाते. पण आकडा बरोबर असून अवेळी आला तर? जपानी संशोधक कोहेई होंडा यांनी १९९३ साली मांडले की, एकेका वस्तूला नव्हे, तर संपूर्ण संभाषणालाच प्रकार द्यावा. यालाच सेशन टाईप म्हणतात. आपण 'संवाद-प्रकार' म्हणू.

एटीएमच्या बाजूचा करार समजा असा आहे: खाते क्रमांक पाठव, मग 'शिल्लक' किंवा 'पैसे' यांतील एक निवड, 'शिल्लक' निवडल्यास आकडा घे, 'पैसे' निवडल्यास रक्कम पाठव आणि होकार वा नकार घे. बँकेच्या बाजूचा करार म्हणजे याचेच आरशातले रूप. तेथे 'पाठव' आहे तर येथे 'घे'. एकाला निवडीचे स्वातंत्र्य, तर दुसऱ्याने प्रत्येक पर्यायाला तयार असलेच पाहिजे. शिवाय संवादाचे एक टोक एका वेळी एकाच्याच हाती असावे. ते दुसऱ्याकडे सोपवता येते, पण सोपवल्यावर पहिल्याने मध्ये बोलावयाचे नाही. एकाच बाजूने दोन पुढारी बोलू लागले की काय होते, हे आम्ही सांगावयास नको!

दोघांचे असे जमले, तिघांचे काय? दोन मित्र वर्गणी करून एक पुस्तक विकत घेत आहेत. पहिला विक्रेत्याला पुस्तकाचे नाव सांगतो. विक्रेता दोघांना किंमत कळवतो. पहिला आपला वाटा दुसऱ्याला सांगतो, आणि दुसरा विक्रेत्याला होकार देतो. आता समजा, दुसऱ्याचा होकार आल्यावाचून पहिल्याला किंमत सांगावयाची नाही, असे विक्रेत्याने ठरवले. दुसरा पहिल्याच्या वाट्यासाठी थांबला आहे, आणि किंमत कळल्यावाचून पहिला वाटा सांगणार कसा? दोघादोघांचे तिन्ही करार तपासा, एकातही खोट नाही. तरी तिघेही बसून आहेत.

होंडा, नोबुको योशिदा आणि मार्को कार्बोने यांनी २००८ साली यावर तोड काढली. आधी सगळा व्यवहार एकाच संहितेत लिहावा, आणि नाटक मंडळीत प्रत्येक नटाला त्याच्या भूमिकेची नक्कल काढून देतात, तसा प्रत्येकाचा करार तीतून काढावा. वर सांगितलेला विक्रेता आपल्या नकलेशी ताडून पाहताच उघडा पडतो. याहून मोलाची गोष्ट अशी की, निर्णय एकाने घेतला आणि त्याप्रमाणे निराळे वागण्याची जबाबदारी ज्याच्यावर आहे त्याला तो कळवलाच नाही, तर ती संहिताच नापास होते.

या शिस्तीच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. एकच आज्ञावली अनेक संवादांत गुंतली, तर संवादांच्या गुंत्यातून कोंडी पुन्हा होऊ शकते. तिला अधिक नियम लागतात. तार तुटली किंवा यंत्र बंद पडले, तर साधा संवाद-प्रकार हतबल असतो. आणि बँकेने नकार दिला तर तो योग्य वेळी आला एवढेच करार पाहतो; तो न्याय्य होता की नाही, हे पाहत नाही.

ते पाहण्याचे काम माणसांचेच आहे. आमचे म्हणणे इतकेच की, आपला पगार, आपले निवृत्तिवेतन आता या यंत्रांच्या बोलण्यावर अवलंबून आहे. पैसे अडकल्यावर खिडकीपुढे रांग लावण्यापेक्षा बोलण्याचा क्रम आधीच लिहून तपासलेला बरा, आणि तशी मागणी करण्याचा आपणा सर्वांना अधिकार आहे.