आगरातले मीठ आणि भट्टीवरची वाफ

गोव्यातल्या पेडणे तालुक्यात विर्नोडा येथे संत सोहिरोबानाथ आंबिये यांच्या नावाचे सरकारी महाविद्यालय आहे, आणि ते कला व वाणिज्य या शाखांचे आहे. दहावीनंतर रसायनशास्त्राला कायमचा रामराम ठोकलेली मुले तेथे इतिहास आणि जमाखर्च शिकतात. आणि त्याच तालुक्यात, शापोरा नदीच्या काठी, आगरवाड्याच्या मिठागरांत त्या शास्त्राचा पहिला धडा परीक्षानळीवाचून उघड्या उन्हात चाललेला असतो. स्फोट, धूर आणि दुर्गंध म्हणजेच रसायनशास्त्र अशी ज्यांची समजूत आहे त्यांना हा धडा कदाचित नीरस वाटेल, कारण तो केवळ एका पदार्थातून दुसरा सोडवून घेण्याचा आहे. परंतु या शास्त्राची निम्मी हयात त्याच खटाटोपात गेलेली आहे.

समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार विरघळलेले असतात, आणि त्यांतले सुमारे २७ ग्रॅम हे आपले खाण्याचे मीठ, म्हणजे सोडियम क्लोराइड. (हल्ली ज्याच्या त्याच्या वेष्टनावर ‘रसायनमुक्त’ असे छापण्याची चाल पडली आहे. पाण्यात टाकताच भडकणारा सोडियम हा धातू आणि १९१५ साली युद्धात सैनिकांवर सोडलेला क्लोरीन हा विषारी वायू, यांच्या संयोगातून जो पदार्थ सिद्ध होतो तो आपण रोज निर्धास्तपणे आमटीत घालतो, हे अशा वेळी आठवावे.) उरलेल्या आठ ग्रॅमांत मॅग्नेशियम, कॅल्शियम आणि पोटॅशियम यांचे क्षार येतात. भरतीचे पाणी एकाच वाफ्यात घेऊन शेवटच्या थेंबापर्यंत आटवले, तर हे सगळेच तळाशी बसेल, आणि हाती येणारे मीठ जिभेला कडवट लागेल.

म्हणून मिठागर हे एक तळे नसून वाफ्यांची साखळी असते. पावसाळ्याचे पाणी काढून टाकायचे, चिखल तुडवून आणि चोपून तळ घट्ट करायचा, आणि मग खाडीचे पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात असे पुढे पुढे न्यायचे; प्रत्येक मुक्कामी ते थोडे अधिक आटते आणि थोडे अधिक जड होते. विरघळण्याची ज्याची शक्ती कमी, तो क्षार आधी बाहेर पडतो: प्रथम कॅल्शियम कार्बोनेट, त्यामागून जिप्सम. मीठ मात्र पाण्याला सहजासहजी सोडत नाही, कारण एका लिटर पाण्यात ते सुमारे ३६० ग्रॅमपर्यंत मावते. मूळ पाण्याचा जेमतेम दहावा हिस्सा उरतो तेव्हा कोठे ते दिसू लागते. वारा पडलेला असला की दुपारी त्या संपृक्त पाण्यावर दुधावर धरावी तशी पांढरी साय धरते. ती जवळून पाहिली तर इवल्या चौकोनी स्फटिकांची असते, आणि जड झाली की आपोआप तळाशी जाते. लांब दांड्याच्या लाकडी फळीने मीठ बांधाकडे ओढून घेतात, आणि मागे राहिलेले मॅग्नेशियमयुक्त कडू पाणी वेळीच बाहेर सोडतात. हे पाणी नेमके केव्हा सोडावे, ते जाणता कामगार नजरेने आणि जिभेने ठरवतो. प्रयोगशाळेत त्याच कामाला घनतामापक लागतो.

असा जिन्नस सरकारदरबारी दुर्लक्षित राहणे शक्यच नव्हते. १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज करारान्वये गोव्यातील मीठ-उत्पादनावर ब्रिटिश हिंदुस्थान सरकारची हुकमत बसली, आणि त्याबदल्यात पोर्तुगीज सरकारास सालीना चार लाख रुपये मिळू लागले. तो करार १८९२ साली संपुष्टात आला, परंतु तेरेखोल नदीपलीकडे मुंबई इलाख्यात मिठावरचा कर चालूच राहिला. रेडी ओलांडल्यावर लागणाऱ्या शिरोड्याच्या मिठागरांत मे १९३० मध्ये सत्याग्रह झाला तो याच कराविरुद्ध. सूर्य फुकट आणि समुद्रही फुकट, अशा मालावर महसूल गोळा करण्याची युक्ती ज्याला सुचली, त्याचे कौतुक करावे की काय करावे, हे वाचकांनीच ठरवावे.

ज्या महिन्यांत आगरात मीठ पिकते, त्याच महिन्यांत पेडण्याच्या डोंगरांवर काजूचे बोंडू गळतात, आणि तेथे नेमका उलटा व्यवहार चालतो. बोंडूचा रस भांड्यात दोनतीन दिवस ठेवला की हवेतले व फळावरचे किण्व त्यातली साखर खाऊन मद्यार्क आणि कर्बवायू तयार करतात. रसावर येणारे बुडबुडे ते या वायूचेच. हा आंबलेला रस तांब्याच्या भाणात तापवतात. मद्यार्क ७८ अंशांवर उकळतो आणि पाणी १०० अंशांवर, म्हणून निघणाऱ्या वाफेत मद्यार्काचा वाटा मूळ रसापेक्षा मोठा असतो. ती वाफ नळीवाटे थंड केलेल्या लावणीत, म्हणजे ती गोळा करणाऱ्या भांड्यात, जाऊन पुन्हा द्रव होते. पहिल्या खेपेचा तो उर्राक. मात्र वाफेबरोबर बरेच पाणीही जातेच, म्हणून तिखट फेणीसाठी पुन्हा भट्टी लावावी लागते. आगरात जे उडून जाते ते नकोसे आणि जे उरते ते हवे. भट्टीवर जे उडते तेच जपायचे आणि उरते ते ओतून द्यायचे. दोन्हींकडे कारागिरी एकच: कोणता पदार्थ आधी निघून जातो याची पक्की माहिती.

मिठातून मॅग्नेशियम पुरते मात्र कधीच जात नाही. मॅग्नेशियम क्लोराइड हवेतली वाफ ओढून घेते, आणि म्हणूनच मृग लागताच स्वयंपाकघरातल्या जाड्या मिठाच्या बरणीला पाणी सुटते. हेच जाडे मीठ कैऱ्या खारवायला लागते, मासे सुकवायला लागते, आणि माडाच्या मुळातही घालतात; माडाला क्लोरीनचे पोषण लागते, हे शास्त्रानेही मान्य केले आहे.

समुद्राच्या पाण्यात आयोडीन असते, तेव्हा समुद्राच्या मिठात ते असणारच, असा समज सर्वत्र आहे आणि तो चुकीचा आहे; स्फटिक बनताना ते मिठात जवळजवळ येतच नाही. आयोडीनच्या अभावी गलगंड होतो, म्हणून आयोडीनविरहित मीठ खाण्यासाठी विकण्यास २००६ पासून देशभर मनाई आहे, आणि आगरवाड्यासारख्या ठिकाणचे मीठ कायद्याने ताटातून उठून माडांच्या बुंध्याशी जाऊन बसले. एक टन मिठाला सुमारे ५० ग्रॅम पोटॅशियम आयोडेट पुरते. मूठभर भुकटी पाण्यात विरघळवून ती ढिगावर सारखी फवारणे रसायनशास्त्राला मुळीच जड नाही. जड आहे ती परवान्याची आणि तपासणीची यातायात, आणि दोनचार वाफ्यांच्या धन्याला ती एकट्याने झेपणारी नाही.