रुग्णालयाच्या देयकाचा हिशेब कोणी ठेवायचा?

बाजारात माल घेण्यापूर्वी भाव विचारण्याची मुभा प्रत्येकाला असते. रुग्णालयात शिरणाऱ्या माणसाला ती क्वचितच मिळते. अमेरिकेसारख्या धनाढ्य देशात तर हा प्रश्न फारच गुंतागुंतीचा झाला आहे. तेथे एकाच शल्यक्रियेला एक निश्चित दर नसतो. रुग्णालयाच्या दरपत्रकातील आकडा एक, विमा कंपनीने घासाघीस करून ठरवून घेतलेला आकडा दुसरा आणि रुग्णाच्या खिशातून प्रत्यक्ष जाणारा आकडा तिसरा. यांपैकी दुसरा आकडा दोन्ही पक्षांनी वर्षानुवर्षे व्यापारी गुपित म्हणून जपला. ज्याच्या वेतनातून विम्याचा हप्ता कापला जातो, त्या नोकरदाराला मात्र तो ठाऊक नसे.

हे गुपित फोडण्याचा मार्ग काही राज्यांनी शोधला, तो अगदी कारकुनी स्वरूपाचा आहे. रुग्णावर उपचार झाले की रुग्णालय विमा कंपनीकडे दावा पाठवते. कोणत्या आजारासाठी कोणता उपचार झाला, किती रक्कम मागितली, कंपनीने किती मान्य केली आणि रुग्णाने स्वतः किती भरली, हे सर्व त्या दाव्यात नोंदलेले असते. म्हणजे माहिती नव्याने गोळा करावयाची नव्हती. ती एकत्र आणावयाची होती. मेन या राज्याने 2003 मध्ये ते काम प्रथम हाती घेतले. खाजगी विमा कंपन्यांनी आणि गरिबांसाठी असलेल्या मेडिकेड योजनेने आपापल्या दाव्यांच्या नोंदी राज्याच्या यंत्रणेकडे सोपवाव्यात, असा दंडक घातला गेला. अशा नोंदींतून रुग्णाची ओळख काढून टाकली जाते किंवा सांकेतिक केली जाते आणि संशोधकांना त्या करार करूनच मिळतात. पुढे अनेक राज्यांनी हाच कित्ता गिरवला.

शेजारच्या न्यू हॅम्पशायरने एक पाऊल पुढे टाकले. 2007 पासून तेथे कोणत्याही नागरिकाला एमआरआयसारख्या तपासणीचा खर्च निरनिराळ्या रुग्णालयांत किती येईल, हे पाहता येऊ लागले. या प्रयोगाच्या अभ्यासात तपासण्यांचा रुग्णांवरील खर्च सुमारे 5 टक्क्यांनी उतरल्याचे दिसून आले. हा लाभ खरा आहे. पण त्याची मर्यादाही उघड आहे. तपासणीसाठी चार ठिकाणचे भाव विचारता येतात. छातीत कळ आलेला माणूस भाव विचारीत बसत नाही.

म्हणूनच केवळ ग्राहकाला आकडे दाखवून भागत नाही, हे मॅसॅच्युसेट्स राज्याने ओळखले. 2012 च्या कायद्याने तेथे माहितीचे संकलन व विश्लेषण करणारे स्वतंत्र केंद्र आणि धोरण ठरविणारा आयोग अशा दोन संस्था उभ्या राहिल्या. राज्याचा एकूण आरोग्यखर्च वर्षाकाठी किती वाढावा, याची मर्यादा आखण्यात आली. प्रारंभी ती 3.6 टक्के होती. केंद्राने हिशेब मांडावा आणि मर्यादा ओलांडणाऱ्याला आयोगाने जाब विचारावा, अशी ही विभागणी आहे. जानेवारी 2022 मध्ये आयोगाने राज्यातील सर्वांत मोठ्या रुग्णालयसमूहाला, मास जनरल ब्रिगहॅमला, खर्च आटोक्यात आणण्याचा आराखडा सादर करण्यास फर्माविले. कायदा झाल्यापासून असा आदेश प्रथमच निघाला.

येथे एक आक्षेप घेतला जातो आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. भाव उघड झाले की स्वस्त विकणाराही आपला दर वाढवील, असे काही अर्थशास्त्रज्ञ बजावतात. डेन्मार्कमध्ये 1993 मध्ये तयार काँक्रीटचे प्रत्यक्ष व्यवहारातील भाव सरकारी यंत्रणेने प्रसिद्ध करण्यास प्रारंभ केला. वर्षभरात ते 15 ते 20 टक्क्यांनी चढले! विक्रेते मोजके असतील तर प्रसिद्ध झालेला भाव ग्राहकापेक्षा प्रतिस्पर्ध्यालाच अधिक उपयोगी पडतो. परंतु यावरून माहिती दडवावी असे ठरत नाही. ती प्रसिद्ध करणाऱ्या यंत्रणेमागे जाब विचारणारे बळ हवे, इतकेच ठरते.

या बळालाच 2016 मध्ये मोठा धक्का बसला. अमेरिकेतील अनेक मोठे मालक विमा विकत न घेता नोकरांच्या उपचारांचा खर्च स्वतःच्या निधीतून करतात. विमा कंपनी केवळ कागदपत्रे सांभाळते. व्हरमाँट राज्याने अशा योजनेच्या नोंदी मागितल्या, तेव्हा लिबर्टी म्युच्युअल या कंपनीने नकार दिला. नोकरांच्या लाभयोजनांविषयी 1974 चा केंद्रीय कायदा असताना राज्यांनी आपापल्या परीने अहवाल मागू नयेत, असा कौल सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध दोन मतांनी दिला. मालकांकरवी विमा मिळणाऱ्या कामगारांपैकी 60 टक्क्यांहून अधिक कामगार अशाच योजनांत आहेत. त्यांच्या नोंदी देणे आता मालकांच्या मर्जीवर राहिले. 2020 च्या केंद्रीय कायद्याने राज्यांना अनुदानाची आणि नोंदींसाठी समान नमुन्याची तरतूद केली. सक्ती मात्र परत दिली नाही.

परिणाम असा की, राज्याच्या खतावणीत गरिबांच्या उपचारांची नोंद होते आणि मोठ्या उद्योगांच्या हिशेबाची पाने कोरी राहू शकतात. पन्नास राज्यांचे पन्नास नमुने भरणे जिकिरीचे आहे, ही मालकांची तक्रार अगदीच निराधार नाही. पण त्यावर उपाय समान नमुन्याचा आहे, मौनाचा नव्हे. रुग्णालयाला जाणारा पैसा अखेर कामगाराच्या वेतनातून आणि नागरिकाच्या करातूनच जातो. ज्याचा पैसा, त्याला हिशेब मिळालाच पाहिजे. आणि हिशेब देणाऱ्याच्या इच्छेवर तो सोडला, तर जो पान दडवू इच्छितो त्याचेच पान त्यात सापडणार नाही.