प्रून, थिन, पिंच : द्राक्षबागेतली इंग्रजी क्रियापदं

दिवाळीच्या दिवसांत निफाड तालुक्यातल्या पिंपळगाव बसवंतच्या शिवारात सगळ्या बागा एका वयाच्या नसतात. एकीत नुसत्या उघड्या काड्या दिसतात, शेजारची पोंग्यात, म्हणजे नुकती फुटू लागलेली असते, तर तिसरीत घड बाहेर पडलेले असतात. बागेचं वय विचारलं, तर लागवडीचं साल कुणी सांगत नाही. छाटणीपासून मोजलेले दिवस सांगतात. फवारणी, पाणी, खत आणि मजुरांची टोळी या सगळ्यांचं वेळापत्रक त्या एका दिवसापासून सुरू होतं.

या कामाचं इंग्रजी क्रियापद आहे 'प्रून'. शाळेत त्याचा अर्थ 'छाटणे' एवढाच सांगितला जातो. तो चुकीचा नाही, पण अपुरा आहे. 'कट' म्हणजे नुसतं कापणं. त्यात हेतू सांगितलेला नसतो. 'प्रून'मध्ये हेतू आधी येतो. झाडाने पुढे नीट फुटावं, फळावं, म्हणून निवडून काढून टाकणं. जुन्या फ्रेंचमधून हे क्रियापद इंग्रजीत आलं. सुकवलेल्या आलुबुखारालाही इंग्रजीत 'प्रून' म्हणतात, पण ते नाम लॅटिनमधल्या आलुबुखाराच्या नावावरून आलं आहे. दोघांचं रूप सारखं असलं, तरी मूळ वेगळं.

युरोपातल्या द्राक्षवेली हिवाळ्यात पानं गाळून झोपी जातात. त्या झोपेत वर्षाची मुख्य छाटणी उरकते. आपल्याकडे वेल झोपत नाही. निफाडची थंडी कितीही बोचरी असली, तरी वेलीला पूर्ण विश्रांती द्यायला ती पुरत नाही. म्हणून महाराष्ट्रात दोन छाटण्या आणि एक पीक ही पद्धत रुजली, आणि दोन्ही छाटण्यांना मराठीने वेगवेगळी नावं दिली. माल निघाल्यावर एप्रिलच्या सुमारास होते ती खरड छाटणी. काडीवर एखाद-दुसरा डोळा, म्हणजे फूट निघण्याची जागा, ठेवून बाकी सगळं काढतात. पुढे नव्या काडीच्या डोळ्यांत घड तयार होतो, नुसत्या नजरेला दिसणार नाही इतका सूक्ष्म. त्या दिवसांत आभाळ भरून राहिलं तर घडांची संख्या घटते, म्हणून जून-जुलैच्या ढगांकडे बागायतदार धास्तीने बघतो. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये येते ती गोडी छाटणी, फळासाठीची. ती करण्याआधी जाणते बागायतदार काड्या प्रयोगशाळेत नेऊन सूक्ष्मदर्शकाखाली डोळे तपासून घेतात. घड कितव्या डोळ्यात आहे हे कळलं, की कात्री कुठे लावायची ते ठरतं. सटाणा, देवळा, मालेगावच्या कसमादे पट्ट्यात हीच छाटणी आणखी लवकर घेतात, म्हणजे माल बाजारात आधी येतो.

इंग्रजीत या दोन्हींना 'प्रूनिंग'च म्हणतात. फरक सांगायचा तर आगेमागे विशेषण लावावं लागतं. खरड आणि गोडी हे दोन शब्द ते काम एकेका उच्चारात करतात, आणि मला ते मराठीचं मोठं धन वाटतं.

आता 'प्रून'ची भावंडं. 'ट्रिम' म्हणजे कडा सारख्या करणं : दाढी, कुंपणाची मेंदी, साडीचा काठ. 'क्लिप' म्हणजे छोटे तुकडे कातरणं, जशी नखं. 'लॉप' म्हणजे मोठी फांदीच उडवणं. ही तीन बागेत फारशी लागत नाहीत. पण 'थिन' आणि 'पिंच' यांच्यावाचून द्राक्षाचा हंगाम पार पडत नाही.

'थिन'चा कोशातला पहिला अर्थ पातळ. रस्सा पाणी घालून पातळ करणं हेही 'थिन'च. बागेत मात्र त्याचा अर्थ विरळणी. घडातले दाटीचे मणी काढून उरलेल्यांना फुगायला जागा द्यायची, कारण निर्यातीला १६ ते १८ मिलिमीटरचा मणी हवा असतो. सुरगाणा, पेठकडून आलेल्या टोळ्यांतल्या बाया हे काम विलक्षण चपळाईने करतात. त्यांच्या तोंडी 'थिनिंग' आणि 'डिपिंग' हे शब्द इतके रुळले आहेत, की ते परके वाटतच नाहीत. डिपिंग म्हणजे जिबरेलिक आम्लाच्या द्रावणात घड बुडवणं. छाटणी मात्र छाटणीच राहिली. कात्रीचं तेवढं फ्रेंचमधून आलेलं 'सिकेटर' झालं.

'पिंच' म्हणजे चिमटा काढणं. बागेत चिमटीने कोवळा शेंडा खुडतात. खरड छाटणीनंतर सात पानांवर शेंडा मारला, की बगलेतून फूट निघते आणि तिची सबकेन, म्हणजे उपकाडी होते. शेंड्याची धाव रोखायला सीसीसी हे रसायनही वापरलं जाई. २०१० च्या हंगामात युरोपात त्याचे अंश आपल्या द्राक्षांत सापडले, कंटेनर अडकले आणि बागायतदार होरपळले. शेतमाल निर्यातीचं काम पाहणाऱ्या अपेडा या सरकारी संस्थेची 'ग्रेपनेट' ही बागेपर्यंत माग काढणारी व्यवस्था २००६ पासून होती. त्या फटक्यानंतर अंशांच्या तपासणीकडे कुणी दुर्लक्ष करू शकलं नाही, आणि हाताने खुडण्याचं मोल पुन्हा पटलं.

बागेबाहेरही 'प्रून' चालतं. अंदाजपत्रक, लेख, कर्मचाऱ्यांची संख्या, सगळं 'प्रून' होतं. तिथे मराठीत काटछाट किंवा कपात म्हणावं. मेंदूशास्त्रातही हा शब्द आहे. पीटर हटनलॉकर यांनी १९७९ मध्ये दाखवलं, की बालपणी मेंदूपेशींमधले जोड प्रौढांपेक्षा कितीतरी जास्त असतात आणि वाढत्या वयात ते कमी होत जातात. या कमी होण्याला शास्त्रज्ञ 'प्रूनिंग' म्हणतात. केसांना मात्र हे क्रियापद लावू नये. तिथे 'कट' किंवा 'ट्रिम'च.

निफाड तालुक्यातल्या इंग्रजीच्या शिक्षकांना एक विनंती. ऑक्टोबरात एखादा तास बागेत घ्या. वर्गातल्या कित्येक मुलांच्या घरी ही कामं हंगामभर चालतात. आईने मणी काढले तर 'थिन', काकांनी शेंडा खुडला तर 'पिंच', टोळीने काडी छाटली तर 'प्रून'. मुलांना ही क्रियापदं पाठ करायला लावू नका, बागेत बोट दाखवून विचारा.