आठवण म्हणजे कणगी नव्हे

कणगीत जोंधळे भरून ठेवले, तर सहा महिन्यांनी जोंधळेच निघतात. त्यांचे गहू होत नाहीत. आठवणीचेही तसेच असते, अशी पुष्कळांची समजूत आहे. "माझ्या डोळ्यांनी पाहिलंय, मला पक्कं आठवतंय," असे आपण म्हणतो.

आम्हीही असेच म्हणत होतो. शाळेत असताना एका मुलाने फी भरली नाही, असे आम्हाला पक्के आठवत होते. "भरली हो गुरुजी," असे तो रडून सांगत होता. आम्ही त्याला दिवसभर वर्गाबाहेर उभे केले. संध्याकाळी पावतीपुस्तक चाळले. त्यात त्याच्या नावाची पावती होती. खाली सही आमचीच! आम्ही मुद्दाम खोटे बोललो नव्हतो. पण खरेही बोललो नव्हतो.

असे का होते? आठवण जशीच्या तशी पडून राहत नाही. दर वेळी मन ती नव्याने जुळवते. मातीची भिंत सणासुदीला सारवतात ना, तसेच हे. भिंत तीच, पण लेप नवा. मध्ये कुणी काही बोलले, काही विचारले, तेही त्या लेपात मिसळते.

१९७४ साली अमेरिकेत लॉफ्टस आणि पामर यांनी हे पारखून पाहिले. त्यांनी विद्यार्थ्यांना मोटारींच्या अपघाताचा छोटा चित्रपट दाखवला. मग ५० जणांना विचारले, "मोटारी एकमेकींवर धाडकन आदळल्या, तेव्हा वेग किती होता?" दुसऱ्या ५० जणांना विचारताना नुसते 'लागल्या' असे म्हटले. आठवड्याने सर्वांना विचारले, "फुटलेली काच पाहिलीत का?" चित्रपटात फुटलेली काच नव्हतीच. तरी पहिल्यांतले १६ जण 'हो' म्हणाले. दुसऱ्यांतले ७. बघा, शब्दाने काच फोडली!

म्हणून बांधावरून तंटा झाला, तर समोरचा लबाडच आहे, असे लगेच धरू नये. दोघेही मनापासून चुकत असतील. जोरात सांगितले, म्हणून ते खरे ठरत नाही.

मग करावे काय? उसनवारी, मजुरी, बांधाची खूण, सारे त्याच दिवशी लिहून ठेवावे. तारीख घालावी. दोघांनी सह्या कराव्यात. आता आपल्याला लिहिता येते.

त्या मुलाचा खरेपणा एका कागदाने राखला. तो कागद नसता, तर आम्ही आजही त्यालाच खोटा म्हणत असतो.