एकर-गुंठ्याची बेरीज गूगल शीटमध्ये का चुकते?

अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपरमध्ये राहणाऱ्या अनेक कुटुंबांची वडिलोपार्जित जमीन गावी असते. वाटणीची किंवा विक्रीची बोलणी सुरू झाली की कुणीतरी गूगल शीट बनवून फॅमिली ग्रुपवर टाकतं. त्यात १ एकर २५ गुंठे म्हणजे '१.२५' असं लिहिलं जातं आणि चूक इथेच होते.

नेमकं काय चुकतं?

रोजच्या आकडेमोडीत दहा झाले की हातचा एक पुढच्या घरात जातो. एकर-गुंठ्यात मात्र ४० गुंठे झाले की १ एकर होतो. शीटला हे कळत नाही.

समजा, तीन तुकडे आहेत: १ एकर २५ गुंठे, २ एकर ३० गुंठे आणि ३५ गुंठे. १.२५, २.३० आणि ०.३५ अशी बेरीज केली तर उत्तर येतं ३.९. एकराच्या भावाने गुणलं, तर पैसे ३.९ एकरांचे, म्हणजे १५६ गुंठ्यांचे धरले जातात. प्रत्यक्षात जमीन आहे २१० गुंठे, म्हणजे ५ एकर १० गुंठे. हिशोबातून १ एकर १४ गुंठे गायब!

तयार फंक्शन नाही का?

एक्सेल आणि गूगल शीटमध्ये एका संख्यापद्धतीतून दुसरीत जाण्यासाठी 'बेस' आणि 'डेसिमल' ही फंक्शन्स आहेत. पण ती २ ते ३६ पर्यंतच्याच पायासाठी चालतात, कारण १० अंक आणि इंग्रजीची २६ अक्षरं मिळून ३६ चिन्हंच होतात. आपला पाया ४० चा आहे. म्हणून फंक्शन स्वतः बनवावं लागतं.

कसं बनवायचं?

१. एकर आणि गुंठे दोन वेगळ्या कॉलममध्ये लिहा.
२. कॉम्प्युटरवर गूगल शीटच्या 'डेटा' मेन्यूतून 'नेम्ड फंक्शन्स' उघडा. फंक्शनला इंग्रजी अक्षरांत सोपं नाव द्या. सूत्र: एकर गुणिले ४०, अधिक गुंठे.
३. हे फंक्शन प्रत्येक ओळीला लावा आणि आलेल्या गुंठ्यांची बेरीज करा.
४. बेरजेला ४० ने भागा. 'क्वोशंट' फंक्शन भागाकार देतं, ते एकर. 'मॉड' बाकी देतं, ते गुंठे.

एक्सेलच्या नव्या आवृत्त्यांमध्ये हेच काम 'लॅम्बडा'ने होतं.

सातबाऱ्याचं काय?

सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असतं. १०० आर म्हणजे १ हेक्टर, त्यामुळे दशांशातली बेरीज तिथे बरोबर येते. घोळ होतो तो एकरात बदलताना. १ हेक्टर म्हणजे सुमारे २.४७ एकर. पण ते २ एकर ४७ गुंठे नव्हेत, तर साधारण २ एकर १९ गुंठे. ग्रुपवरच्या शीटला होकार देण्याआधी दशांश चिन्हानंतरचा आकडा गुंठ्यांचा आहे की एकराच्या भागाचा, एवढं नक्की विचारा.