वेढ्यातल्या योदफातचा दिनक्रम

सूर्योदय

पहिलं काम पाण्याचं. योदफातला झरा नाही. आहेत त्या खडकात खोदलेल्या, आतून गिलावा दिलेल्या टाक्या, हिवाळ्यातल्या पावसावर भरलेल्या. गालीलच्या डोंगरात उन्हाळ्यात ढग फिरकत नाही. धान्य घरोघरी भरपूर आहे, मिठाची टंचाई आहे आणि पाणी मापाने मिळतं. हे माप वेढ्याच्या सुरुवातीलाच ठरलं, टाक्यांत पाणी असतानाच. त्यामुळे झालं असं, की ज्या दिवशी पाणी मोजून मिळू लागलं त्या दिवसापासून लोकांना तहान जास्त लागू लागली. ही कबुली खुद्द गावाच्या सेनापतीची.

वाटप एकाच जागी होतं. लोक तिथे जमले की समोरच्या उतारावरून रोमनांना स्वच्छ दिसतात, आणि त्यांची बाण फेकणारी यंत्रं तिथपर्यंत पोचतात. पाण्याला गेलेल्यांतले कितीतरी जण तिथेच पडतात. तरी दुसऱ्या दिवशी लोक मडकी घेऊन पुन्हा येतात. दुसरं करणार काय?

दिवस थोडा वर येतो

हे साल इ. स. ६७. रोमन सम्राट नीरोने ज्यूंचं बंड मोडायला सेनापती व्हेस्पेशियनला पाठवलंय. त्याच्याबरोबर तीन लीजन, म्हणजे पाचवी, दहावी आणि पंधरावी, शिवाय मांडलिक राजांच्या फौजा. योदफात तीन बाजूंनी खोल दऱ्यांत उभं आहे. चालून जाता येईल अशी बाजू एकच, उत्तरेची, आणि सगळी झटापट तिथल्याच तटावर. आत हुकूम चालतो तो योसेफ बेन मत्तित्याहूचा. वय तिशीचं, घराणं यरुशलेमच्या याजकांचं. पुढे जग त्याला जोसेफस म्हणून ओळखणार आहे. या ४७ दिवसांची हकिगत त्याच्याच ग्रंथातून आपल्यापर्यंत आली, आणि स्वतःचं कौतुक करताना हात आखडता घेणाऱ्यांतला हा माणूस नव्हे. बाकीचं १९९० च्या दशकातल्या उत्खननातून कळलं. इथे वेगवेगळ्या दिवशी घडलेल्या गोष्टी एका दिवसात ओळीने लावल्या आहेत, एवढं लक्षात असू द्यावं.

सकाळची पाळी गवंड्यांची. बाहेर रोमन मातीदगडांचा चढ रचत तटाशी भिडत चाललेत. तो चढ जेवढा वाढेल, तेवढा आतून तट उंच करायचा. भोवती १६० यंत्रं बाण आणि धोंडे फेकताहेत. या माऱ्यात काम होणार नाही, असं गवंड्यांनी साफ सांगितलं. मग तटावर खांब रोवून त्यांवर नुकत्याच मारलेल्या बैलांची कातडी ताणून बांधली. ओलं कातडं धोंडा आदळला की आत दबतं, फाटत नाही. बाण त्यावरून घसरतात. आणि ओल असल्यामुळे आगही धरत नाही. त्या आडोशाने रात्रंदिवस काम करून तट वीस हात चढवला.

मग रोमनांनी टक्कर आणली. टक्कर म्हणजे लांबलचक तुळई, टोकाला एडक्याच्या डोक्याच्या आकाराचा लोखंडी ठोकळा. दोरांनी टांगलेली, माणसं ती मागे ओढतात आणि सोडतात. पहिल्याच धडकेला तट हादरला आणि आत आरडाओरड झाली. यावर तोड निघाली भुशाची. पोत्यांत भुसा ठासायचा आणि टक्कर जिथे बसणार तिथे दोराने पोतं खाली सोडायचं. तट वाचला. मग रोमनांनी लांब काठ्यांना विळे बांधून ते दोर कापायला सुरुवात केली. म्हणजे आता आत एक टोळी पोती भरणारी, एक सोडणारी आणि बाहेर एक टोळी दोर कापणारी. वेढा म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे तलवारी येतात. योदफातच्या तटावर मात्र दिवसाचे कितीतरी तास या मजुरीत जातात.

एकदा साबा गावच्या एलाझार नावाच्या गड्याने तटावरून एवढा मोठा धोंडा टाकला, की टक्करीचं डोकंच तुटलं. तो खाली उडी मारून शत्रूंच्या मधून ते डोकं उचलून परत तटावर चढला. अंगात पाच बाण. वर उभा राहून सगळ्यांना ते दाखवलं आणि त्या डोक्यासकट खाली कोसळला.

मध्यान्ह

आता चुलीकडे. तटाला खिंडार पडलंय आणि रोमन सैनिक ढाली डोक्यावर एकाला एक भिडवून, कासवाच्या पाठीसारखं छत करून चढताहेत. दगड त्यावरून घरंगळून जातात. जोसेफसने उकळतं तेल ओतायला सांगितलं. तेल योदफातला कमी नव्हतं. गुहेत बसवलेला ऑलिव्हचा घाणा उत्खननात सापडला आहे. तेल लवकर तापतं आणि लवकर निवत नाही. ढालींच्या फटींतून ते आत झिरपलं, शिरस्त्राणाखालून मानेवर, मानेवरून चिलखतात. चिलखत पट्ट्यांनी आवळलेलं, ओढून काढता येत नाही. छत मोडलं.

तरीही काही जण फळ्या टाकून पुढे आले, तेव्हा त्या फळ्यांवर ओतली उकडलेली मेथी. हो, मेथीच. दाणे रात्री भिजत घातले की सकाळी भांड्याला जो बुळबुळीतपणा चिकटतो, तोच इथे कढयाच्या कढया ओतला गेला. रोमनांना ना पुढे जाता येईना, ना मागे. फळ्यांवरच आडवे झाले, एकमेकांच्या पायांखाली आले, आणि तटावरच्यांना नेम धरायलाही वेळ घ्यावा लागला नाही. प्राचीन युद्धांच्या वर्णनांत इतकी घरगुती गोष्ट मी दुसरीकडे वाचलेली नाही.

या हल्ल्याआधी जोसेफसने बायकांना घरांत कोंडून घातलं होतं. त्यांच्या रडण्याने पुरुषांचा धीर सुटेल, असा हिशोब. पुरुषांना सांगितलं, की रोमन गर्जना करतील तेव्हा कान झाका. मेथी, कढया आणि सरपण मात्र आलं असणार त्याच कोंडलेल्या घरांतून.

दुपार

उन्हाचा कडाका. बाहेरच्यांची समजूत अशी, की आत पाणी संपत आलंय, थोडं थांबलं की हे आपसूक शरण येतील. ती मोडायला जोसेफसने कपडे पाण्यात बुडवून तटावर टांगायला लावले. तटावरून पाणी ओघळायला लागलं. ज्यांच्याकडे वाया घालवायला इतकं पाणी आहे ते तहानेने कसले मरतात, असं रोमनांना वाटलं आणि त्यांनी पुन्हा हल्ल्याची तयारी धरली. योदफातवाल्यांना हवं होतं तेच. तहानेपेक्षा लढाई बरी, असा विचार त्यामागे होता. सकाळी ज्यांनी मापाने पाणी नेलं, त्यांना ओघळणारा तट बघून काय वाटलं असेल, ते मात्र ग्रंथात नाही.

याच काळात कधीतरी जोसेफसच्या मनात पळून जायचं आलं. बाहेर जाऊन मी मदत आणतो, मी इथे असल्यामुळेच तर रोमन इतके हट्टाला पेटलेत, असं त्याने लोकांना समजावून पाहिलं. म्हातारे, पोरं आणि अंगावर तान्ही घेतलेल्या बाया पायांवर लोळण घेऊन रडल्या. तो राहिला. लोकांची दया आली म्हणून राहिलो, असं तो लिहितो. आणि विनंती मानली नसती तर त्यांनी आपल्यावर पहारा बसवला असता, हेही तोच लिहितो. मला दुसरं वाक्य अधिक खरं वाटतं.

उत्खननात एक सपाट दगड मिळाला. त्यावर कोणीतरी टोकदार वस्तूने एका बाजूला थडग्याच्या इमारतीचं चित्र खरडलंय आणि दुसऱ्या बाजूला खेकडा. उत्खननकार मोर्देखाय अवियाम यांनी त्याचा अर्थ असा लावला, की खेकडा म्हणजे कर्क रास, ज्यूंचा तमूझ महिना, आपल्या आषाढाच्या आसपासचा. याच महिन्याच्या तोंडाशी गाव पडलं. खरडणाऱ्याला महिना माहीत होता आणि शेवटही.

दिवेलागण

सूर्य मावळला की इथे तारीख बदलते. अलिबाग-पेणकडच्या बेने इस्राएल ज्यूंच्या घरांत शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा दिवस, शुक्रवारच्या संध्याकाळीच लागतो, तोच हा हिशोब. अंधाराबरोबर काम मात्र थांबत नाही. काही टोळ्या तटाबाहेर उतरून रोमनांच्या यंत्रांना आगी लावायला जातात. रोमन यंत्रं रात्रीही धोंडे फेकतात. दिसत नाहीत, नुसता आवाज येतो.

रात्रीचे पहिले तीन प्रहर

पश्चिमेकडे एक अवघड घळ आहे. तिथून जाणं कठीण म्हणून रोमनांनी तिच्याकडे फारसं लक्ष दिलेलं नाही. पाठीवर मेंढीची कातडी पांघरून जासूद रांगत त्या वाटेने जातात, कोणी पाहिलंच तर कुत्रा वाटावा म्हणून. पत्रं जातात, चीजवस्तू येतात. पुढे चौकीवाल्यांना हे उमगलं आणि ती वाट बंद झाली.

शेवटचा प्रहर

रोमन रात्रीचेही आपल्यासारखेच चार भाग करतात. गावातून फुटून आलेल्या एका माणसाने व्हेस्पेशियनला सांगितलं, की आता आत थोडे उरलेत, तेही जागून जागून गळून गेलेत, आणि शेवटच्या प्रहरात पहारेकरीसुद्धा झोपतात. व्हेस्पेशियनचा विश्वास बसेना. आधी पकडलेल्या एका योदफातकराने हालहाल करूनही आतला एक शब्द सांगितला नव्हता. क्रुसावर चढवताना तो हसत होता. अशा गावातला माणूस फितूर कसा होईल? पण खबर खोटी निघाली तरी फारसं बिघडणार नव्हतं. त्याने माणसाला अटकेत ठेवलं आणि फौज तयार केली.

४७ व्या दिवशी, ठरल्या वेळी, आवाज न करता ते तटाशी गेले. पहिला चढला व्हेस्पेशियनचा मुलगा टायटस, बरोबर डोमिशियस सबायनस आणि पंधराव्या लीजनचे थोडे सैनिक. पहारेकऱ्यांना कापून ते आत उतरले, मागून आणखी तुकड्या. बालेकिल्ला हातात आला, उजाडलं, तरी गाव झोपेतच. जे जागे झाले त्यांना दाट धुक्यात काही दिसेना. सगळी फौज आत आली तेव्हा कुठे लोकांना कळलं, तेही मरता मरता.

जोसेफस मेलेल्यांचा आकडा ४०,००० देतो. एवढ्याशा गावात तो मावत नाही. कैदी १,२०० म्हणतो, ते पटण्यासारखं आहे. टाक्यांमध्ये उत्खननात माणसांची हाडं सापडली. ज्या टाक्यांतून पाणी मोजून दिलं जाई, तशाच त्या टाक्या.

जोसेफस चाळीस जणांबरोबर एका गुहेत लपला होता. शरण जायचं नाही, चिठ्ठ्या टाकून एकमेकांना मारायचं, असं ठरलं. शेवटी उरले दोघे, त्यांतला एक जोसेफस. संगणकशास्त्र शिकणाऱ्या पोरांना जो ‘जोसेफस प्रॉब्लेम’ सोडवायला देतात, तो या गुहेतला. जोसेफस शरण गेला आणि व्हेस्पेशियनला म्हणाला, तू सम्राट होशील. ६९ मध्ये व्हेस्पेशियन खरोखर सम्राट झाला. जोसेफसला रोममध्ये घर मिळालं, तनखा मिळाला, आणि तिथे बसून त्याने हा ग्रंथ लिहिला.

त्यात पाण्याचं माप आहे, कातडी आहेत, भुशाची पोती आहेत, आणि या युक्त्या कोणाला सुचल्या तेही आहे. पहारेकरी झोपले होते, हेही आहे. त्यांच्या पाळ्या कोण लावत होतं, कोणाला किती रात्री सलग उभं केलं होतं, त्या जागी एक ओळ नाही.